प्लेटवरचा पाय

त्याला सगळे गुण्या म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. हा माणूस कुणाकडे चहाला गेला तरी आधी दाराची चौकट सरळ आहे का ते बघायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा. धंद्याने फिटर, वेल्डिंगही करायचा. तीस वर्षांत आपण केलेली एकही वस्तू डुगडुगली नाही, हे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत तो स्वतःच सांगून मोकळा व्हायचा. काम खरंच चोख होतं, म्हणून लोक ऐकून घेत.

हे काम त्याला शिकवलं भाऊजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. कानस कशी धरायची इथपासून ते कामाला उभं कसं राहायचं इथपर्यंत. दोन वर्षांपूर्वी भाऊजींची डावी बाजू अर्धांगवायूने गेली. हात बराचसा सावरला, पाय मात्र ओढतच राहिला. वर्कशॉप गेलं, हत्यारं गेली. राहिला तो एक जुना व्हाइस, लोखंड जबड्यात घट्ट धरून ठेवणारा. असा वजनदार, की एकट्याने उचलायला जावं तर आठवडाभर कंबर धरून बसावं लागेल. भाऊजींनी ठरवलं, घरीच स्टुलावर बसून बारीकसारीक कामं करायची. बिजागऱ्या, कड्या, खिडक्यांचे आकडे.

अडचण एकच होती. खोली एक आणि माणसं चार. दिवसा जिथे व्हाइस लागणार, तिथेच संध्याकाळी अंथरुणं पडणार. तेव्हा व्हाइस पक्का उभा राहिला पाहिजे आणि ताईला एकटीला हलवताही आला पाहिजे.

"हे माझ्यावर सोडा," गुण्या म्हणाला.

आणि त्याने स्टँड केलं ते दृष्ट लागण्यासारखं. खाली जाड लोखंडी प्लेट, तिच्याखाली तीनच टेकू. "तीन टेकू कधी डुगडुगत नाहीत, चौथा आला की भांडण सुरू," असं तो बायकोला समजावत होता आणि ती कांदा चिरता चिरता हो हो म्हणत होती. मध्ये रुंद पाइप, वजन यावं म्हणून वाळूने भरलेला. उंची कमीजास्त करायची सोय. मागे दोन चाकं, तीही जमिनीपासून बोटभर वर. स्टँड मागे कललं तरच ती टेकायची, एरवी अधांतरी. खोली लहान म्हणून प्लेट आखूड ठेवली, आणि लांब सळई खाली मोकळी लोंबावी म्हणून व्हाइसचा जबडा प्लेटच्या थोडा पुढे काढला. मग आपल्या दुकानात त्याने व्हाइसमध्ये सळई धरली आणि सगळा जोर लावून ओढली. स्टँड तसूभर हललं नाही.

भाऊजींकडे ते पोचलं आणि अकराव्या दिवशी पडलं. भाऊजी स्टुलावर बसून खिडकीचा आकडा वाकवत होते. स्टँड पुढे आलं आणि व्हाइस त्यांच्या त्याच निकामी पायावर आदळला, जो त्यांना मागे घेता येत नव्हता. दोन बोटं मोडली.

गुण्या धावत गेला. खोलीत शेजारचा शिंपी होता, ताई होती, भाऊजी खाटेवर पाय वर करून पडले होते. विचारपूस करायची सोडून गुण्याने आधी स्टँड उभं केलं, हलवून बघितलं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"स्टँडमध्ये काही नाही. मी स्वतः ओढून बघितलंय. भाऊजी, तुमच्या हाताला आता अंदाज राहिला नाही. वेडावाकडा हिसका दिला असणार."

शिंप्याने मान खाली घातली. भाऊजी आपला चांगला उजवा हात उलटासुलटा करून बघत राहिले.

महिन्याभराने एक हातगाडी गुण्याच्या दुकानासमोर थांबली. गाडीवर व्हाइस, स्टँडसकट. ताईचा निरोप होता: "हे म्हणतात, माझा हात गेला. व्हाइस गुण्याकडे असू दे, चांगल्या हातात राहील."

खरं सांगायचं तर गुण्याला वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं. आपलंच खरं ठरलं की माणसाला बरं वाटतं. मोठा वाईट गुण, पण आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने व्हाइस कामाला लावला. सळई वाकवायला घेतली, अंग मागे टाकून ओढायला लागला. बायको मागून लोखंडाचा कीस झाडत आली.

"अहो, पाय उचला."

त्याने डावा पाय उचलला. तेवढ्यात स्टँड त्याच्या अंगावर आलं.

छातीने अडवलं म्हणून वाचला. धाप लागली होती. बायकोने केरसुणी टाकून एका बाजूने धरलं, दोघांनी मिळून ते सरळ केलं. मग दोघांनीही खाली बघितलं. प्लेटच्या मागच्या कडेला त्याच्या बुटाचा काळा ठसा होता. तीस वर्षं तो डावा पाय असाच समोरच्या वस्तूच्या बुडावर रोवून काम करत होता. त्याला स्वतःला ठाऊकही नव्हतं. दुकानात स्टँड हललं नाही, कारण याच्या अंगाचं निम्मं वजन त्याच्यावर होतं.

"भाऊजी तर बसून काम करतात," बायको म्हणाली. "आणि त्यांचा डावा पाय..."

गुण्या मेल्याहून मेल्यासारखा झाला. रात्री जेवण गेलं नाही. भाऊजी हात उलटासुलटा करून बघत होते, ते डोळ्यांसमोरून हलेना. पण खोड लवकर जात नाही. तीन दिवस लपूनछपून त्याने स्टँड दुरुस्त केलं. प्लेटखालून दोन लांब पट्ट्या पुढे काढल्या, अगदी जबड्याच्याही पुढे, नटबोल्टने आवळलेल्या. मग स्वतः स्टुलावर बसून, पाय मागे घेऊन, ओढून बघितलं. हललं नाही.

"उद्या पाठवून देतो," तो बायकोला म्हणाला. "थोडी सुधारणा केली म्हणून कळवू."

"स्टँड सुधारलं," बायको म्हणाली. "आणि बोललात ते?"

सकाळी तो स्वतःच हातगाडी ढकलत गेला. रस्ता वीस मिनिटांचा, त्याला तासभर लागला.

भाऊजी खिडकीशी बसले होते. दाढी वाढलेली. ताईने चहा आणला. गुण्याला भरलेला कप, भाऊजींना अर्धा.

"अर्धाच का?" गुण्याने विचारलं.

"सांडतो म्हणतात," ताई म्हणाली. "कधी सांडलेला नाही. पण भरला तर हात लावत नाहीत. दाढीचं पातंही धरत नाहीत आता."

गुण्याने कप खाली ठेवला.

"भाऊजी, तुमचा हात चुकला नव्हता. माझं स्टँड चुकलं होतं. ओढून बघताना माझा पाय प्लेटवर होता. मला कळलंच नाही. आणि दोष तुमच्या हाताला दिला."

मग ताई उठली.

"थांब. त्या दिवशी शिंप्यासमोर बोलला होतास. आज त्याच्यासमोरच सांग."

"राहू दे गं," भाऊजी म्हणाले.

"का राहू दे?" ती म्हणाली आणि शेजारी गेलीसुद्धा.

शिंपी गळ्यात टेप घेऊनच आला. गुण्याने त्याच्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं. या खेपेला जास्त कठीण गेलं. नुसतं सांगून भागणार नाही असं त्याला वाटलं, म्हणून पुढच्या दोन्ही पट्ट्या सोडल्या, स्टुलावर बसला, पाय मागे घेतले आणि सळई ओढली. स्टँड पुढे आलं. शिंप्याने आणि ताईने मिळून ते अडवलं. बसल्या जागेवरून ते अंगावर येताना कसं दिसतं, हे गुण्याने पहिल्यांदा बघितलं.

तो पट्ट्या परत आवळायला खाली बसला. मान वर करायची हिंमत नव्हती, तेव्हा बोल्ट नको तितके आवळत राहिला.

"पाय असा रोवायला तुला मीच शिकवलं होतं," वरून भाऊजींचा आवाज आला. "मला तरी कुठं सुचलं? तू म्हणालास हात गेला, मी मानलं. तुझं काम कधी चुकत नाही ना."

याहून त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गुण्याच्या डोळ्यांतलं पाणी प्लेटवर पडलं आणि त्याने ते बाहीने पुसून टाकलं.

मग भाऊजींनी ताईकडे आपला अर्धा कप पुढे केला.

"हा गार झाला," ते म्हणाले. "दुसरा आण. भरून आण."