नवव्या पुस्तकातला डावा हात

माझी ताई वकिलांचे कागद टाइप करते. आयुष्यभर तिने दुसऱ्यांचेच शब्द बडवले, स्वतःचे फक्त एकदा. तेव्हा टीव्हीवर एका अंतराळयानाची मालिका जोरात होती, आणि एक प्रकाशक गरजू लोकांना धरून त्या मालिकेवर कादंबऱ्या लिहवून घ्यायचा. मुखपृष्ठावर मात्र एकाच लेखकाचं नाव, आणि तो लेखक जन्मालाच आला नव्हता. त्यातली नववी ताईची. त्या मेल्या प्रकाशकाने तिला साधी एक प्रत दिली नाही. तीही मानी, विकत घेतली नाही.

त्या पुस्तकात यानावरच्या मिस्त्रीचा हात यंत्रात जातो. तो मिस्त्री म्हणजे आमचे बाबा. कारखान्यात त्यांचा डावा हात मनगटापासून गेला, मालकाने कानावर हात ठेवले, आणि बाबा घरात बसून खंगत गेले. ताईने त्यांना त्या यानात नोकरीला लावलं. इथे त्यांना कोण ठेवणार होतं!

परवा तिला कुणीतरी सांगितलं, की त्या मालिकेचे भक्त अजून आहेत. दर रविवारी झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत जमतात आणि कुठलं पुस्तक मालिकेत बसतं, कुठलं नाही, यावर भांडतात. या रविवारी नवव्याचा निकाल होता. ते आपलं आहे असं ताईला एकदा चारचौघांत म्हणायचं होतं. एवढंच. मला ओढत घेऊन गेली.

खोलीत कागदांचे गठ्ठे आणि सात-आठ दीडशहाणे. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी असावी तसे तावातावाने बोलत होते. त्यांचा म्होरक्या एक दाढीवाला, बँकेत कॅशियर.

"नववं बाद," तो म्हणाला. "पुस्तकात मिस्त्रीचा हात जातो, आणि मालिकेत पुढे त्याच हाताने तो यंत्रं चालवतो. हात काय पुन्हा उगवला?"

"पण लिहिलंय किती छान!" एक मुलगी म्हणाली. "तो बायकोला शर्टाची बटणं लावू देत नाही, ते पान वाचून मी रडले होते."

ताईने माझा दंड घट्ट धरला. बटणांचं ते खरं होतं. आई दारात उभी राहायची आणि बाबा एका हाताने झटापट करत बसायचे.

"रडण्याचा काय संबंध? बसतं की नाही ते बोल," दाढीवाला तिला म्हणाला.

ताई उभी राहिली. "ते पुस्तक मी लिहिलंय."

कुणीतरी फिसकन हसलं. दाढीवाला मात्र अगदी अदबीने म्हणाला, "असं? मग सांगा काकू, मिस्त्रीचा कुठला हात जातो?"

"डावा," ताई लगेच म्हणाली.

त्याने पुस्तक काढलं, पान तर त्याला पाठच होतं, आणि वाचून दाखवलं. उजवा.

ताईचा चेहरा पडला. "मी डावाच लिहिला होता. छापताना कुणीतरी बदललाय."

"डावा असता तर बसलं असतं की," ती मुलगी म्हणाली. "मालिकेत त्याचा डावा हात दिसतच नाही, कायम खिशात असतो."

"असता तर! आपण छापलेलं धरतो." दाढीवाल्याने सगळ्यांकडे पाहिलं. मुलगी सोडून सगळ्यांचे हात वर गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी. आम्ही निघालो तेव्हा तो दारापर्यंत सोडायला आला, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली. "काकू, पुढच्या वेळी पुस्तक नीट वाचून या हं."

रस्त्यावर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. प्रकाशकालाही सोडलं नाही. ज्यांनी रक्त आटवलं त्यांचीच हे परीक्षा घेणार! सिग्नलपाशी थांबलो तेव्हा मी म्हटलं, "अगं, काहीतरी बोल. रड तरी."

"उजवा गेला म्हणजे..." ती म्हणाली, आणि सिग्नल सुटला तरी जागची हलली नाही. "इतकी वर्षं तिथे बाबा जेवले कसे असतील गं?"