साखळी सैल, पाय पुढे

कुत्रं पाळणाऱ्याला बाकी काही मिळो न मिळो, किस्से भरपूर मिळतात. रोज तोच रस्ता, तीच वेळ, म्हणजे खरं तर कंटाळा यायला हवा. पण चालून घरी आलं की कुत्र्याच्या पोटाला कुसळं चिकटलेली असायची आणि आपल्या डोक्यात एखादी गोष्ट. कुसळं मी तिथल्या तिथे काढून टाकायचे. गोष्टी राहून गेल्या.

ऐंशीच्या सुमाराचं नेरूळ. रेल्वे अजून आली नव्हती. रस्त्यांवर डांबर पडलं होतं, पण बाजूला बिल्डिंगा मोजक्याच. सारसोळ्याकडे, खाडीच्या दिशेनं जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी सहाला आम्ही तिघं असायचो. मी, शाळेत शिकवणारी. नाडकर्णी, कारखान्यात सुपरवायझर. आणि साळवी, पोलिसांच्या श्वानपथकातून रिटायर झालेले. साळवींकडे स्वतःचं कुत्रं नव्हतं. ते आम्हाला शिकवायला यायचे.

*

शिकायची वेळ माझ्यावर सासूबाईंमुळे आली. आमच्या टिपूनं एका मांजरामागे झेप घेतली तेव्हा साखळी त्यांच्या हातात होती. मनगट मोडलं. ह्यांनी शांतपणे सांगितलं, दिवाळीपर्यंत हा नीट चालायला शिकला तर ठीक, नाहीतर पनवेलला मित्राच्या वाडीवर पाठवून देऊ. तिथली कुत्री बांधलेलीच असतात, हे मला माहीत होतं.

साळवींनी एकच नियम सांगितला. "साखळी सैल, तर पाय पुढे. साखळी ताठ, तर खांब व्हायचं."

पहिल्या दिवशी आमच्या बिल्डिंगपासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायला पाऊण तास लागला. मी खांबासारखी उभी, टिपू जीव खाऊन ओढतोय. शेजारच्या कुलकर्णीबाई दूध घेऊन येताना थांबल्या आणि कुणाची वाट बघताय म्हणून विचारू लागल्या. मी म्हटलं, कुत्र्याची. त्यांनी एकदा टिपूकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दुधाचं भांडं सांभाळत निघून गेल्या.

*

नाडकर्ण्यांचा शेरा अल्सेशियन होता. नाडकर्णी त्याला फिरवत नसत, तो नाडकर्ण्यांना फिरवायचा. पण खाडीच्या रस्त्यावर एक मोरी होती, पाण्यावरचा ठेंगणा पूल. तिथे आलं की शेरा आपोआप सरळ व्हायचा. साखळी सैल, मान खाली, पावलाला पाऊल. पन्नास पावलं झाली की पुन्हा ओढाओढी सुरू.

नाडकर्णी खूश. घरी पाहुणे आले की ते त्यांना मोरीवर नेऊन शेराचं ट्रेनिंग दाखवायचे. पण मग टिपूही तिथे तसाच चालायला लागला. पुढे रस्त्यावरची दोन भटकी कुत्रीही तिथून तशीच जाताना आम्ही पाहिली. त्यांना कोण शिकवणार?

मी साळवींना विचारलं. ते म्हणाले, "ही शिकलेली चाल नाही, बाई. ही घाबरलेली चाल आहे."

*

सारसोळ्याची हिराबाई त्याच रस्त्यानं मासळीची पाटी घेऊन यायची. एकटीच असली तरी मोरीवर आली की मोठ्यानं बोलत चालायची. आज पापलेट मिळालं नाही, सून माहेरी गेली, असलं काहीही. एकदा मी तिला थांबवून विचारलं, कुणाशी बोलतेस?

"कुनाशी नाय," ती म्हणाली. "पन हितून गप नाय जायाचं. आमची आय पन बोलत जायाची."

गप्प गेलं तर काय होतं, ते तिला ठाऊक नव्हतं. तिच्या घरातलं कुणी कधी गप्प गेलंच नव्हतं.

नाडकर्णी हसले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम शेराला घेऊन, तोंड मिटून मोरीवर गेले. मी मागे उभी राहून बघत होते. अर्ध्या वाटेवर शेरा खाली बसला. ओढला, उठेना. मग नाडकर्णीही हलेनात. बराच वेळ दोघं तसेच. आणि मग एकदम नाडकर्ण्यांचा आवाज आला, खणखणीत: "बे एके बे. बे दुणे चार."

शेरा उठला. पलीकडे पोचेपर्यंत त्यांचा नवाचा पाढा चालू होता. नक्की काय झालं, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. पण त्यानंतर धुक्यात ते दिसायच्या आधी पाढे ऐकू यायचे.

*

धुक्यावरून आठवलं. पाऊस सरला की खाडीवरून इतकं दाट धुकं यायचं की आपलीच चप्पल दिसायची नाही. तशा एका सकाळी टिपू फारच छान चालला. साखळी इतकी सैल की हातात आहे असं वाटेना. नीट चालला की फुटाणा द्यायचा, असं साळवींनी सांगितलेलं. मी न थांबता हात खाली केला. तळव्याला ओलं नाक लागलं, फुटाणा उचलला गेला. दहा पावलांनी दुसरा दिला. मग तिसरा.

तेवढ्यात टिपू भुंकला. समोरून, बऱ्याच लांबून.

मी साखळी वर ओढली. टोकाला नुसता हूक होता.

खाली बघायचा धीर झाला नाही. टिपूच्या आवाजाच्या दिशेनं पळत सुटले. दिव्याच्या खांबाखाली तो थरथरत उभा होता. भटकं कुत्रं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. साळवींना सांगितलं, तर ते हसले नाहीत. म्हणाले, "थोडे दिवस फुटाणे बंद ठेवा. कुणालाही सवय लागते."

*

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात परीक्षा झाली. सासूबाई म्हणाल्या, माझा हात त्यानं मोडला, मीच बघते. प्लॅस्टर निघालेल्या हातात साखळी घेऊन एकट्याच निघाल्या. मला सोबत येऊ दिलं नाही. मी गॅलरीत उभी. अर्धा तास झाला, पाऊण झाला. हे दोनदा दारापर्यंत जाऊन आले.

शेवटी दोघं दिसली. टिपू त्यांच्या पायाशी, साखळी जमिनीला लागतेय इतकी सैल. घरात येऊन त्या पाणी प्यायल्या आणि ह्यांना म्हणाल्या, कुत्रं कुठेही जाणार नाही. मी आत जाऊन पदर तोंडाला लावून रडले.

नंतर भाजी निवडताना त्या सहज म्हणाल्या, "गुणी आहे गं. फक्त त्या मोरीवर बोलत राहावं लागतं."

त्यांना हिराबाईचं कुणी सांगितलं नव्हतं.

*

शेवटचा किस्सा साळवींचा. तो त्यांनी आम्हाला एकदाच सांगितला, रस्त्याकडेला बसून, बूट झटकत.

ते नोकरीत असतानाची, सत्तरच्या दशकातली गोष्ट. पनवेलच्या बाजूला मिठागरात काम करणारा बाळाराम नावाचा माणूस दोन दिवस बेपत्ता होता. साळवी आणि त्यांची कुत्री राणी सकाळीच तिथे पोचली. बाळारामचा सदरा राणीला हुंगायला दिला. वास मिळाला की राणी असं ओढायची की साळवींच्या तळहाताची सालटी निघायची. त्या दिवशी तिनं ओढलंच नाही. दोरी सैल सोडून ती बांधावरून शांतपणे चालायला लागली, आणि तीही साळवींच्या उजव्या बाजूनं.

साळवींनी तिला दोनदा दटावलं. पथकातलं कुत्रं चालवणाऱ्याच्या डावीकडेच चालतं. पहिल्या दिवसापासून तेच शिकवतात, मरेपर्यंत ते चुकत नाही. राणी सहा वर्षांत कधी चुकली नव्हती. ती मधून मधून मान वर करून बघायची, हुकमाची वाट बघते तशी. पण साळवींकडे नाही. आणखी उजवीकडे, बांधाच्या मोकळ्या कडेला.

पुढे बांध अरुंद झाला, एका वेळी एकच माणूस जाईल इतका. तिथे राणी थांबली. साळवी पुढे होऊ लागले, तर आडवी आली. क्षणभर तशीच उभी राहिली, मग स्वतः पुढे झाली आणि तिच्यामागून साळवी.

बांधाच्या टोकाला, पाणी सोडायच्या दाराशी ती बसली. खाली चिखलात, फळ्यांमध्ये पाय अडकून बाळाराम पडला होता. जिवंत. साळवींनी त्याला बाहेर ओढलं, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडल्यावर त्यानं आधी राणीकडे पाहिलं, मग साळवींच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"त्यो गेला?" त्यानं विचारलं. "कुत्र्याला घेऊन आला, त्यो?"

साळवी म्हणाले, अरे, मीच घेऊन आलो.

बाळारामनं मान हलवली.

"तुमी नाय. तुमी तं मागं व्हते."