जहाजावरचा नळ आणि माझा खुलासा

आमची मुंबईची गाडी लातूरहून पाऊण तास उशिरा सुटली, कारण बाजूच्या रुळावर पाण्याची गाडी येऊन उभी होती. त्या उन्हाळ्यात आमच्या गावाला पाणी रेल्वेने येत होतं. लोक खिडकीतून तिच्याकडे नव्या नवरीकडे पाहावं तसे पाहत होते. आणि आम्ही नवराबायको निघालो होतो कुठे, तर समुद्रात चार दिवस मजा करायला! पुण्यात असलेल्या आमच्या मुलाने तिकिटं काढून हातात ठेवली होती, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

"आपण नसताना नळ आला तर?" सुशीला, म्हणजे माझी बायको, हा एकच प्रश्न कुर्डुवाडीपर्यंत विचारत होती. शेजाऱ्यांना किल्ली दिली होती, तरी तिला धीर नव्हता. नळ पंधरा-पंधरा दिवसांनी यायचा आणि वेळ सांगून यायचा नाही. म्हणून सगळं गाव तोटी उघडीच ठेवायचं, खाली बादली लावायचं आणि कान तिकडे ठेवायचं.

माझी गंमत अशी की लातूर नवा जिल्हा झाला त्या धामधुमीत मी एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो आणि निवृत्त होईस्तोवर पाणीपुरवठ्याच्या टेबलावर बसलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मुंबईच्या धक्क्यावर जहाज पाहिलं आणि मान मोडेपर्यंत वर बघत राहिलो. मजल्यावर मजले, आणि सगळ्यात वर पोहायचा तलाव. लातूरची गोल बाजारपेठ, आमची गंजगोलाई, अख्खी आत बसली असती. तपासणीत सुशीलाचे धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट थालीपिठं) बाहेरच राहिले. ती त्या शिपायाशी बरंच भांडली, पण शिस्तीपुढे इलाज नव्हता.

खोली लहान पण देखणी होती. सुशीला आधी न्हाणीघरात गेली आणि ओरडली, "अवो, ह्यांच्याकडं बादलीच न्हाई की!"

तेवढ्यात खोल्या आवरणारा माणूस दारात आला. पस्तिशी उलटलेला, कमरेला रुंद पट्टा, छातीवर 'दिगंबर' नावाची पाटी. सुशीलाचं बोलणं ऐकून त्याचा चेहराच बदलला.

"काकू, लातूरच्या का तुम्ही? मी नांदेडकडचा, भोकरचा हाय!"

झालं. नांदेड-लातूर म्हणजे भावकीच निघाली. बादलीवाचून सुशीलाने तोवर चहाची किटली, दात घासायचे ग्लास आणि बर्फाचं भांडं काठोकाठ भरून ठेवलं होतं.

दिगंबर हसला. "काकू, खाली मशीन हाय. समुद्राचं पाणी गोडं करून राहिलेत. चोवीस तास येतंय."

"आज येतंय. उद्याचं कुणी बघितलंय?" सुशीला म्हणाली.

तो रोज सकाळी ती भांडी रिकामी करायचा आणि ती रोज भरायची. दुसऱ्या दिवशी त्याने कमरेच्या पट्ट्याचं कारण सांगितलं. "सात वर्सं गाद्या उचलून राहिलो काका, कंबर गेली. ह्या फेरीनंतर मला जेवणाच्या हॉलात घेणार हायेत. साहेबीण म्हणली, फक्त तक्रार येऊ देऊ नको. आली की पुन्हा गाद्याच." आम्ही म्हटलं, आमच्याकडून कसली तक्रार येतेय!

जेवणाचं काय सांगू? सकाळी डोसा, दुपारी इटलीचं काहीतरी, चारला केक, आणि मधल्या वेळात भूक लागू नये म्हणून पुन्हा खाणं. सुशीलाने तीस पदार्थांतून भाकरी शोधली, ती नव्हती. मग तिने वरणभातावर लिंबू पिळलं आणि सगळ्या इटलीला नावं ठेवली. रात्रीच्या जेवणाला हातमोजे घातलेले वाढपी. घोटभर पाणी प्यालं की आले भरायला. आमच्याकडे त्या उन्हाळ्यात पाहुण्याला अर्धाच ग्लास द्यायचा रिवाज पडला होता. हवं तर पुन्हा मागावं, पण उष्टं टाकू नये. सुशीला ग्लासावर तळहात ठेवून बसायची. वाढप्याला वाटायचं, बाईंना राग आला.

मला मात्र तिथे भरून आलं. माझ्या आजोबांना गावच्या आडाला (विहिरीला) हात लावू देत नसत. कुणी येऊन वरून ओंजळीत ओतेल म्हणून ते लांब बसून राहायचे. पुढे घराने धम्म घेतला, वडील शिकले, मी पाण्याच्याच कचेरीत बसलो, आणि आता एक माणूस कमरेत वाकून माझ्या ग्लासात पाणी ओतत होता. सुशीलाला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आजोबा असते तर तो ग्लास घरी घेऊन आले असते."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घोषणा झाली की दुरुस्तीसाठी आमच्या मजल्याचं पाणी तासभर बंद राहील. सुशीलाचा चेहरा उजळला. "बघा! म्हणलं नव्हतं मी?"

आम्ही नाट्यगृहात निघालो होतो. निघताना मी न्हाणीघरात गेलो, बेसिनला बूच लावलं, तोटीला गाळणं म्हणून माझा रुमाल बांधला आणि कोरडा नळ पूर्ण उघडून ठेवला. मनात काही विचारही आला नाही. कुलूप लावल्यावर आपण ते एकदा ओढून बघतो ना, तसा हात आपोआप गेला.

नाट्यगृहात नाच झाला, गाणी झाली, मग जादूगार आला. त्याने एका तांब्यातलं पाणी ओतून संपवलं, तांब्या उलटा करून दाखवला, पुन्हा ओतलं तर पुन्हा पाणी! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सुशीला हाताची घडी घालून म्हणाली, "ह्येला म्हणावं, आमच्या गल्लीत येऊन करून दाखव."

आम्ही हसत परतलो, तर आमच्या दारापुढचा गालिचा पचपचत होता. दिगंबर गुडघ्यांवर बसून टॉवेलांनी पाणी टिपत होता. रुमाल सुटून जादा पाणी जायच्या बेसिनच्या वरच्या भोकात अडकला होता, त्यामुळे सगळं पाणी बाहेर आलं होतं. त्याची साहेबीण, फिलिपिन्सची एक बारीकशी बाई, वही घेऊन उभी होती. आजूबाजूच्या खोल्यांतली माणसं दारात जमली होती.

दिगंबर मान खाली घालून इंग्रजीत म्हणाला, "चूक माझी आहे. साफ करताना नळ मीच उघडा ठेवला."

मी गप्प राहिलो. खरं सांगतो, गप्प राहिलो. एवढ्या लोकांसमोर 'हे काम माझं' म्हणायची लाज वाटली. साहेबीण लिहू लागली, आणि ती काय लिहीत असेल ते मला तोंडपाठ होतं. गावात पाइप फुटला की मी कचेरीत तेच लिहायचो : 'संबंधित कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा.' संबंधित कर्मचारी म्हणजे नेहमी वॉल्व्हमन (पाणी सोडणारा), कारण त्याच्या खाली ढकलायला कुणी नसायचं. वरच्या साहेबाचं नाव मी कधी लिहिलं नाही. सुशीला माझ्याकडेच बघत होती.

"मॅडम, थांबा," मी म्हणालो. "नळ मी उघडला."

"पण पाणी बंद होतं," ती म्हणाली. "बंद नळ कोण उघडून ठेवतं?"

आता हे कसं समजवायचं? माझं इंग्रजी तोंडात अडखळतं, पण कागदावर चालतं. मी कागद मागितला, गालिच्याच्या कोरड्या तुकड्यावर मांडी घातली आणि रीतसर अर्ज लिहिला. विषय : नळ उघडा राहिल्याबाबत खुलासा. आमच्या गावी नळ पंधरा दिवसांनी येतो, तो चुकू नये म्हणून उघडा ठेवायची सवय आहे, सबब कर्मचारी निर्दोष असून अर्जदार जबाबदार आहे. आपला विश्वासू, आणि सही.

तिने तो दोनदा वाचला. "पंधरा दिवस?" तिने विचारलं.

"कधी वीस."

तिने वहीतलं पान फाडलं, माझा अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि निघून गेली. दिगंबर माझ्यावरच रागावला. "कशाला सांगितलं काका? घरच्या मोठ्या माणसाला चारचौघांत खाली बघायला लावू का मी?"

"तुझी कंबर आधीच गेली आहे. माझी चूक उचलून आणखी मोडू नकोस," मी म्हणालो.

त्याला हॉलात घेणार की नाही, ते आम्ही उतरेपर्यंत कळलं नव्हतं. त्याने आमच्या बॅगा दारापर्यंत आणल्या आणि दोघांच्या पाया पडला. मला त्या क्षणी फार अपराधी वाटलं.

लातूरला उतरलो तेव्हा पाण्याची गाडी रिकामी होऊन परत निघाली होती. शेजाऱ्यांनी आमची दोन पिंपं भरून ठेवले होते. जगात फिरून माणूस शहाणा होतो म्हणतात; मी घरात शिरलो आणि आधी तोटी उघडी आहे का ते पाहिलं.

दहा-बारा दिवसांनी फोन आला. जहाज मुंबईला लागलं होतं.

"काका, हॉलात घेतलं मला! साहेबिणीनं तुमचा कागद वर दाखवला म्हणं. काल पहिल्या टेबलावर पाणी ओतून राहिलो व्हतो, तर एका म्हातारीनं ग्लासावर हात ठेवला. मला काकूच दिसल्या."

"अर्धाच ओतत जा रे," सुशीला फोनमध्ये ओरडली. "लागलं तर मागतील!"

तेवढ्यात मोरीत नळ खोकला. सुशीला फोन सोडून बादल्यांकडे पळाली. मी फोन घेऊन तिच्यामागे गेलो आणि तो नळाजवळ धरला. आधी नुसती हवा, मग फुरफुर, मग धार. पलीकडून दिगंबरने विचारलं,

"आलं का काका?"

"आलं," मी म्हणालो.

"ठेवा मग फोन. भरून घ्या बेगी."