आईच्या पलंगाच्या पाचरी

आई कोल्हारच्या घरी न्हाणीत पडली, तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. हाड वाचलं, पण घरात ती एकटीच. मी तिची एकुलती एक मुलगी, राहते केडगावात. "चल माझ्याकडे" म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, "लेकीच्या घरी चार दिवस बरं दिसतं. फुडं मानूस पाव्हनाच ऱ्हातो." मी भांडले, रडले, दोनदा तोंड फुगवून परत आले. शेवटी म्हणाली, "माझा पलंग येत आसंल तर येते."

हात्तिच्या, एवढंच ना? टेम्पो ठरवला आणि गेले.

पलंग सागवानी. आई लग्न होऊन आली त्या वर्षी वडिलांनी गावच्या सुताराकडून करून घेतलेला. त्यानं तो खोलीतच बसून केला होता, दारातून कधी आलाच नव्हता, हे कोणाच्या ध्यानात असणार? उभा केला, आडवा केला, तिरका केला. दारातून निघेना. टेम्पोवाल्यानं एक मिस्त्री बोलावून आणला. तो खाली वाकून बघून म्हणाला, "ताई, पाय कापावे लागतील. तिकडं गेल्यावर पट्ट्या ठोकून घ्या." मी आधीच वैतागलेली. कापा म्हटलं.

आई काठी टेकत आली आणि पलंगावर जाऊन बसली. "कापा आता," म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "ह्याला येक खिळा न्हाई. समद्या पाचरी हायेत. तुझ्या रंगाखाली गेल्यात."

मला बघायला पाहुणे यायचे होते तेव्हा, घर नवं दिसावं म्हणून मीच त्या पलंगाला चॉकलेटी ऑइलपेंट फासला होता. सागवानाला ऑइलपेंट! पुढं दर दिवाळीला आणखी एक हात. पाचरी पार बुजून गेल्या. मला खरंच लाज वाटली.

आईनं स्वयंपाकघरातून उलथनं मागवलं आणि कुठं खरवडायचं ते बोटानं दाखवलं. सुताराला चहा नेऊन देताना तिनं सगळं पाहिलं होतं. आडव्या लाकडाचं टोक पायातून आरपार आलेलं, आणि त्यात बोटभर पाचर. मिस्त्रीनं हलक्या हातानं ठोकल्यावर ती सुटली. मग एकेक करत सगळ्याच सुटल्या. "काय काम केलंय राव," म्हणत त्यानं करवत पिशवीत टाकली, आणि जोडून द्यायला स्वतःच टेम्पोत चढला.

राहुरी मागं पडेपर्यंत मी सारखी वळून बघत होते, दोरी सुटली तर नाही ना. केडगावात नवऱ्यानं खोली मोकळी करून ठेवलीच होती. तासाभरात पलंग उभा राहिला. कुठं डुगडुगला नाही की कुरकुरला नाही. आईनं त्यावर पाय वर घेतले, भिंतीला टेकली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

मी तिच्याशेजारी टेकणार तेवढ्यात म्हणाली, "भायेरनं आलीस ना? आदी पाय धू. मंग बस माझ्या पलंगावर."

माझ्याच फ्लॅटमध्ये मी गुपचूप पाय धुवायला गेले. नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.