रोझालिंडच्या सहीचं पत्र

रोझालिंड पेट्राकिस न्यूयॉर्कला आमच्या वादक संघटनेच्या कचेरीत सोळा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसली. परदेशी वादकाला असामान्य गुणवत्तेवर कामाचा व्हिसा हवा असला, की अर्जाला आमचं अभिप्रायपत्र जोडावं लागतं. ती पत्रं ती लिहायची. दुसरं कुणीही कागद चाळून 'हरकत नाही' लिहून मोकळं झालं असतं. ही प्रत्येकाचं वाजवणं शेवटपर्यंत ऐकायची. जबड्याची शस्त्रक्रिया होईपर्यंत ती स्वतः क्लॅरिनेट वाजवायची.

एप्रिलमध्ये आर्मेनियातल्या येरेवानच्या वार्दान मेलिक्यानचा अर्ज आला. ओहायोतल्या एका वाद्यवृंदाला तो क्लॅरिनेटसाठी हवा होता. रोझालिंडने हेडफोन माझ्या कानाला लावला. "मर्ना, श्वास कुठे घेतो, सापडतंय का तुला?"

तिने भरभरून लिहिलं. आमचा साहेब गस हेबरमन पत्र घेऊन आला. "आपले क्लॅरिनेटवाले घरी बसलेत, आणि तू याला पायघड्या घालतेस?"

"कसा वाजवतो ते विचारलंय, गस. तेच लिहिलंय."

"मत संघटनेचं मागितलंय बाई, तुझं नाही."

त्याच आठवड्यात मावशी वारली म्हणून ती बाल्टिमोरला गेली. गसने पत्र बदललं: 'विशेष गुणवत्ता आढळत नाही.' तिची सही कॉम्प्युटरमध्ये होतीच. छापून वार्दानच्या वकिलाला पाठवलं मी.

व्हिसा नाकारला गेला. जूनमध्ये तिला वार्दानचा फोन आला. "मॅडम, माझं काय कमी पडलं? सांगा ना. मी आणखी सराव करीन."

तिने फाइल काढली, वाचली आणि माझ्याकडे वळली. "हे कुणी छापलं?"

"गसने सांगितलं म्हणून..."

"कुणी छापलं, ते विचारलं मी."

तिने त्याच दिवशी वार्दानच्या वकिलाला सगळं खरं लिहून कळवलं. कचेरीतली गोष्ट बाहेर नेली म्हणून गसने तिला काढून टाकलं. वकिलाने पुन्हा अर्ज केला, पण तोवर वाद्यवृंदाने दुसरा माणूस घेतला होता. तोही आमचा सभासद नव्हताच.

परवा अस्टोरियातल्या बेकरीत ती दिसली. सकाळी तरणतलावाच्या खिडकीवर तिकिटं देते म्हणाली.

"तुझी नोकरी आहे ना अजून?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"आहे," मी म्हटलं. अभिप्रायपत्रं आता मीच लिहिते, हे काही तोंडून निघालं नाही.