फीत कापेपर्यंत थांबा

मोफत आरोग्य शिबिरांचं काम करणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा, तिच्याकडे दोन गोष्टी ढिगानं निघतील. एक म्हणजे मागच्या शिबिरांचे गुंडाळून ठेवलेले बॅनर. त्यांवर तारीख असते, म्हणून ते पुन्हा वापरता येत नाहीत. दुसरी म्हणजे किस्से. त्यांवर तारीख नसते, म्हणून ते पुन्हा पुन्हा वापरले जातात. मैत्रिणी म्हणतात, तो राऊतकाकांचा सांग ना, की मी सांगते आणि त्या हसतात. मीही हसायचे. पण परवा ओळीनं सांगताना लक्षात आलं, की प्रत्येक किश्शात मागे कुठेतरी एक बाई कांदे चिरत बसलेली आहे. दर वेळी तीच बाई. म्हणून या वेळी तिला धरूनच सांगते.

तिचं नाव सुनंदाताई. आमच्या शिबिरांना पोहे-तर्री आणि चहा तिचाच. गॅस तिचा, कढई तिची. मी समाजकार्याची पदवी घेऊन एका लहानशा संस्थेत लागले आणि माझ्या वाट्याला 'भागीदारी' हे काम आलं. नागपूरच्या रामदासपेठेतलं एक हॉस्पिटल महिन्यातल्या एका रविवारी लेडी डॉक्टर देतं, वस्तीतलं मंडळ हॉल देतं आणि आम्ही बाया गोळा करतो. स्तनांची आणि गर्भाशयाची तपासणी फुकट. शंका आली तर पुढच्या टेस्टही हॉस्पिटलमध्ये फुकट. कागदावर इतकं सुंदर दिसतं, की फ्रेम करावं!

हे सगळं जुळवायला एक समन्वय समिती आहे. अध्यक्ष राऊतकाका, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. बाकीचे सभासदही त्यांच्याच वयाचे. महिला प्रतिनिधी एकच, महिला मंडळाच्या कुसुमकाकू.

*

पहिलं शिबिर इतवारीत, कापड-व्यापाऱ्यांच्या हॉलमध्ये. मी बॅनरचा मजकूर समितीच्या ग्रुपवर टाकला: 'स्तन व गर्भाशयाची मोफत तपासणी'. एरवी सकाळी सहाला गुलाबाचे फोटो पाठवणारी माणसं दोन दिवस गप्प झाली. मग काकांचा फोन आला.

"बेटा, बाजार आहे तो. आयाबहिणी येतात-जातात तिथून."

मी म्हटलं, काका, त्यांच्यासाठीच तर आहे.

"म्हणूनच तं म्हणून राहिलो."

शेवटी छापलं गेलं 'भव्य मोफत आरोग्य शिबिर'. खाली अकरा फोटो, अकराही पुरुषांचे. रविवारी सकाळी जिन्यावर ही मोठी रांग. तीही पुरुषांची! हमाल, हातगाडीवाले, दोन-तीन शेठ, सगळे बीपी-शुगर बघायला आलेले. बाया जिन्यापर्यंत यायच्या, वर बघायच्या आणि पदर सावरून परत फिरायच्या. एका शेठजींना मी सांगितलं की हे बायांसाठी आहे. ते प्रेमानं म्हणाले, "तो क्या हुआ बेटी, फ्री है ना?"

त्या दुपारी मी पाणी प्यायला मागच्या बाजूला गेले, तेव्हा सुनंदाताईनं गॅस बारीक केला. डाव्या बाजूला पदरावर हात ठेवून हळूच म्हणाली, "मॅडम, मले इथं काहीतरी लागून राहिलं. गाठीसारखं. दुखत नाही, म्हणून कोणाले बोलली नाही."

मी तिचा हात धरून तिला डॉक्टरांच्या दारापर्यंत नेलं. तिथं काका उभे होते. "सुनंदा, शेठ लोकांचा नाश्ता राहिला."

ती गेली. परत आली तोवर डॉक्टर मॅडम बॅग बंद करून जिना उतरल्या होत्या.

*

दुसऱ्या दिवशी मी तिला थेट रामदासपेठेत पाठवलं. काउंटरवर तिला सांगितलं गेलं, मोफत हवं असेल तर शिबिराच्या फॉर्मवर शिक्का लागतो. मी फोन केला. ही बाई शिबिरात सकाळी सातपासून होती, असं सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "असेल मॅडम, पण फॉर्म नंबर सांगा."

म्हणजे तिनं केलेले पोहे ज्यांनी खाल्ले, त्या प्रत्येक माणसाची शिबिरात नोंद होती. तिचीच नव्हती.

संध्याकाळी ती मलाच समजावत होती, जणू चूक तिची. माह्याजवळ कागद नव्हता ना मॅडम, त्याईचं तरी काय चुकलं. मी म्हटलं, पैसे मी भरते, उद्या चल. ती नाही म्हणाली. पुढच्या कॅम्पले मी आहेच तं, तवाच दाखवतो. मी मान्य केलं.

*

दुसरं शिबिर कुसुमकाकूंच्या मंडळात. वेळ वाचावा म्हणून मी फॉर्म आठवडाभर आधी त्यांच्याकडे दिले. शिबिराच्या दिवशी काकूंनी भरलेला गठ्ठा माझ्या हातात ठेवला. अक्षर असं, की मोती ओवावेत. पण सगळ्या फॉर्मवर एकच अक्षर! गाठ आहे का? नाही. स्राव आहे का? नाही. अंगावरून अवेळी जातं का? नाही. पहिल्या फॉर्मपासून शेवटच्यापर्यंत नाही, नाही, नाही.

"काकू, बायांना विचारलं होतं का?"

"विचारायचं काय त्यात? ओळखते मी सगळ्याइले. चांगल्या घरच्या बाया आहेत."

गाठ जणू घराची पाटी वाचून आत शिरते!

आमची पद्धत अशी, की ज्यांच्या फॉर्मवर 'हो' आहे त्या आधी डॉक्टरांकडे जातात आणि बाकीच्या नर्सकडे बीपीला. त्या दिवशी सगळ्या जणी नर्सकडे गेल्या आणि लोहाच्या गोळ्या घेऊन घरी गेल्या. डॉक्टर मॅडमनी पेपर वाचला, शब्दकोडंही सोडवलं. समारोपात काकांनी मंडळाचं जाहीर अभिनंदन केलं. एकही तक्रार नसलेलं मंडळ म्हणून!

काकूंनी आपुलकीनं सुनंदाताईचाही फॉर्म भरला होता. मी त्यावरचं गाठीपुढचं 'नाही' खोडलं, 'हो' लिहिलं आणि तिला घेऊन निघाले. काकूंनी ते पाहिलं. भरल्या हॉलमध्ये, मंडळाच्या सगळ्या बायांसमोर त्या म्हणाल्या, "काहून वं सुनंदे, तुले गाठ आहे आन् मले सांगितलं नाही?"

सगळा हॉल तिच्याकडे बघायला लागला. सुनंदाताई म्हणाली, "नाही काकू. काही नाही." तिनं फॉर्मची घडी केली, कमरेला खोचली आणि चहाकडे गेली.

मी काकूंशी भांडले. त्या म्हणाल्या, आम्ही तीन लेकरं काढली, कोणाले दाखवत नाही फिरलो. मी म्हटलं, म्हणूनच विचारते, तुम्ही शेवटचं कधी दाखवलं? तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात.

*

यानंतर मी समितीची बैठक लावली. कुसुमकाकू आल्याच नाहीत. तीन मागण्या होत्या. फॉर्म बाईनं स्वतः भरायचा, बॅनरवर खरं लिहायचं, आणि तपासणीच्या वेळात भाषण नको. पाहुण्यांचा सोफा कुठे ठेवायचा, यावर पाऊण तास चर्चा झाली. मग कुठे माझा विषय निघाला. एक काका अगदी खालच्या आवाजात म्हणाले, ते गर्भाशयाचं जे आहे, ते जरा...

तेवढ्यात सुनंदाताई चहाचा ट्रे घेऊन आत आली. सगळे एकदम गप्प. कुणी छताकडे बघतोय, कुणी मोबाइलकडे. ती एकेकाला कप देऊन बाहेर जाईपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही. दार लागल्यावर राऊतकाका म्हणाले, "बाईमाणसासमोर असे विषय नको."

मी विचारलं, काका, मग मी कोण आहे?

"तू तं स्टाफ आहे ना बेटा."

*

तिसरं शिबिर उत्तर नागपुरातल्या एका विहारात. हा किस्सा सांगताना मला जरा अवघड होतं, कारण वडीलधाऱ्यांवर चिडणं हा माझा धर्म आहे आणि तिथं मला शेवंताबाई भेटल्या. सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या बायांनी घरोघर जाऊन विचारलं होतं. प्रत्येकीनं आपला फॉर्म स्वतः भरलेला, जिला लिहिता येत नाही तिच्या शेजारी नात बसलेली. वंदना झाली आणि थेट तपासणी सुरू. तपासणीच्या दाराशी शेवंताबाई खुर्ची टाकून, काठी आडवी धरून बसलेल्या. राऊतकाका आतली व्यवस्था बघायला निघाले, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेरची पाहा, भाऊ."

त्यांनीच सुनंदाताईला विचारलं, "तू दाखवलं का वं बाई?" नाही म्हटल्यावर तिच्या हातात नंबरची चिठ्ठी दिली आणि तिच्या चहाजवळ आपली सून बसवली. माझे हात जोडले गेले.

पाऊण वाजता तिच्या आधीची एकच बाई आत होती, पडद्यामागे टेबलावर झोपलेली. तेव्हाच फोटोग्राफर आला. काकांनी डॉक्टर मॅडमना बाहेर बोलावलं. शाल, श्रीफळ, सत्कार. शेवंताबाईंनी विचारलं, "भाऊ, शाल मागितली कोणी?" पण माइक काकांच्या हातात गेला होता. काका म्हणाले, आपली स्त्री स्वतःच्या प्रकृतीकडे लक्ष देत नाही, ही फार मोठी शोकांतिका आहे. ही शोकांतिका त्यांनी वीस मिनिटं सांगितली. आतली बाई टेबलावर तशीच पडून. सुनंदाताई चिठ्ठी धरून दारात उभी. भाषण संपलं तेव्हा हॉस्पिटलची गाडी खाली हॉर्न देत होती. मॅडमना दीड वाजता हॉस्पिटलात ड्यूटीवर पोचायचं होतं. त्यांनी टेबलावरच्या बाईला कशीबशी तपासलं आणि त्या निघाल्या.

सुनंदाताईनं चिठ्ठी मला परत दिली. "कोणाले कामी पडंल, मॅडम."

*

चौथं शिबिर नागपूरबाहेर, खाप्याला. समाजभवनाचा हॉल आणि त्याच्या मागे एक खोली. तपासणी त्या खोलीत, आणि खोलीच्या दारावर लाल फीत बांधलेली. पाहुणे दहाला येणार होते. फीत कापल्याशिवाय आत कोणी जायचं नाही, अशी काकांची सक्त ताकीद. सावनेर तालुक्यातल्या गावांमधून बाया ऑटोत दाटीवाटीनं बसून आलेल्या. काहींची लेकरं कडेवर. डॉक्टर मॅडम पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या रिकाम्या सोफ्याशेजारी बसलेल्या. काकांनी त्यांना तीनदा सांगितलं, मॅडम, फीत कापेपर्यंत थांबा.

साडेदहा. अकरा. काका फोनवर. निघाले. पाटणसावंगीला आहेत. सावनेरला चहाला थांबले. बारा वाजले.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, जी मी मैत्रिणींना सांगताना गाळते. त्या दाराशी ताट घेऊन मी उभी होते. कुंकू, फुलं आणि मधोमध कात्री. पाहुण्यांसमोर ताट धरायला तरुण मुलगी लागते, म्हणून. बैठकीत टेबलावर हात आपटणारी मी, दोन तास कात्री हातात घेऊन उभी होते.

सव्वाबाराला सुनंदाताई मागून आली. हातात सांभार, म्हणजे कोथिंबीर, चिरायची सुरी, तिच्या पात्याला हिरवी पानं चिकटलेली. मला वाटलं काही विचारायला आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, ताटातल्या कात्रीकडे पाहिलं, आणि फितीखाली डावा हात घालून उजव्या हातानं ती कापली. कांदा कापावा तशी. सुरी माझ्या ताटात ठेवली आणि आत गेली.

डॉक्टर मॅडम अशा उठल्या, की जणू त्या फक्त याचीच वाट बघत होत्या. त्यांनी खोलीत जाऊन पडदा ओढला. मागोमाग बायांची रांग लागली, कोणी न सांगता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. काका हार घेऊन धावले, फितीची दोन टोकं लोंबताना दिसली आणि जागीच थांबले. "कोणी कापली? बेटा, कोणी कापली?" कुसुमकाकू स्वयंपाकाच्या बाजूनं आल्या. गॅस बंद आहे, पोहे कोरडेच पडलेत, सुनंदा कुठं गेली, असं विचारत. मी पडद्याकडे बोट केलं. काका पडद्यापाशी गेले, हाक मारायला तोंड उघडलं.

आतून डॉक्टर मॅडमचा आवाज आला, "अहो, ही गाठ कधीपासून आहे तुम्हाला?"

"चार कॅम्पपासून, मॅडम."