अंगी न लागणारं तूप

नेकनूरच्या शिवारात मेंढरं राखणाऱ्या चतुराबाईचे दंड बघून एखाद्या पैलवानानं आपली बाही खाली ओढावी. कातडीखाली नुसते स्नायू आणि टरारलेल्या शिरा. पोटऱ्याही तशाच. चेहरा आणि मान मात्र गुबगुबीत. वयात आल्यापासून तिचं असंच. तिची आईही अशीच होती, आणि पोटदुखीनं चाळिशीच्या आत गेली. माहेरची माणसं कौतुकानं म्हणायची, आमच्या घरच्या बायका काटक.

सासरी आल्यावर लोकांना वेगळंच दिसलं. सासू गीताबाई सुनेला उपाशी ठेवते, हात बघा पोरीचे, अशी कुजबुज झाली. गीताबाई नाकावर माशी बसू न देणारी बाई. मेंढीची पाठ चाचपायची आणि हाडं हाताला लागली की खुराक वाढवायचा, ही तिची जन्माची रीत. तीच तिनं सुनेला लावली. दंड चाचपायचा आणि भाकरीवर तूप ओतायचं, तेही चार बायकांच्या देखत. वर्षानुवर्षं तूप गेलं, पण मेलं अंगी काही लागेना. खाल्लेलं जातं कुठं, म्हणून गीताबाई करवादायची.

ते कुठं जातं हे गेल्या वर्षी कळलं. चतुराबाईच्या पोटात अशी कळ उठली की नवरा सोमेश्वर तिला बीडच्या दवाखान्यात घेऊन गेला. सासूही मागोमाग. काढलेलं रक्त नळीत निवळलं, तर वर पांढरी साय धरलेली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की हे दुखणं घराण्यातून आलेलं आहे. हिच्या हातापायांत कातडीखाली चरबी साठतच नाही, म्हणून ती रक्तात आणि लिव्हरमध्ये शिरते, साखरही त्यामुळंच वाढली. गोळ्या कायमच्या, गोड जवळजवळ बंद, आणि तूप तर अजिबात नाही. थोरली लेक मोहिनी, तिचेही दंड आईच्या वळणावर चाललेले. तिला तपासलं तर तिलाही तेच निघालं, पण वेळेत. परतताना बसमध्ये गीताबाईनं सुनेचा दंड धरून ठेवला. आपण मायेनं दुखणंच वाढत होतो, हे तिला कळून चुकलं होतं.

पथ्य सांभाळून चतुराबाई छान सुधारली. पुन्हा मेंढरांमागं हिंडू लागली, हसूखेळू लागली. यंदा अधिक महिना आला आणि उमापूरच्या भावानं, सटवानं, बहीण-दाजींना भाचीसकट धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. पुरणाचे धोंडे आणि वर तुपाची धार, त्याशिवाय ते जेवण कसलं. भावाचा आग्रह सुनेला मोडता येणार नाही, हे गीताबाईला पक्कं ठाऊक. पुन्हा तशी कळ आली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. म्हणून बिनबोलावता सासूबाईही निघाल्या. आम्ही वस्तीवरची माणसं पोट धरून हसलो. सुनेच्या माहेरी धोंडे खायला निघालेली सासू आम्ही कुठं पाहिली होती?

पंगत बसली. सटवा तुपाची वाटी घेऊन आला. चतुराबाई नको म्हणाली. भावाच्या घरी नको म्हणत नसतात, असं म्हणून त्यानं वाटी कलती केली. गीताबाईनं मध्येच ताटावर पंजा धरला. कढत तूप हातावर पडलं, पण तिनं हात काढला नाही.

"सुनंला तूप देत न्हाई मी," ती सगळ्या भावकीसमोर म्हणाली. "लोकं लई बोलतेत, बोलू द्या. मला ही जित्ती पायजे."

चतुराबाईनं पदरानं तिचा हात पुसला. पुसता पुसता तिला रडू फुटलं, आणि ते सुखाचं होतं.

सटवा वाटी धरून उभाच राहिला. "मावशी, आईचं पोट दुखायचं तवा आमी तिला तूपच पाजायचो," तो हळू आवाजात म्हणाला.

मग त्यानं सोमेश्वरच्या धोंड्यावर धार सोडली. पुढचं ताट मोहिनीचं होतं. तिथं त्यानं वाटी खाली ठेवली, भाचीशेजारी बसला आणि तिला आमटीत भाकरी कुस्करून दिली.